बारा नंबरचा माग

पहिला पैसा अक्काच्या भिशीतला.
विडी कारखान्यातल्या वीस बायका, महिना दोन हजार.
मार्चची उचल खरं तर लक्ष्मीबाई चिप्पांची,
नातवाचं जावळ त्यांनी पुढे ढकललं
आणि विचारलं एवढंच :
शेवटी नावं येत्यात, त्यात माझं येईल का?

दुसरा पैसा मागाचा.
ज्याच्यावर सिनेमा लिहिला तोच बारा नंबर
विकायला काढला.
घेणारे मुश्ताक मोमीन मालेगावहून टेम्पो घेऊन आले,
म्हटलं, दहा दिवस थांबा, याच्यावर शूटिंग आहे.
थांबले.
शेडच्या दाराशी बसून कडक भाकरी मोडत,
शेंगाचटणीने डोळ्यांत पाणी आणत.
अकराव्या दिवशी आम्ही त्यांनाच उभं केलं कॅमेऱ्यासमोर :
माग विकत घेणारा माणूस.
मानधन घेतलं नाही,
टेम्पोचं खोळंबाभाडं तेवढं कापून घेतलं.
त्या सीनला रीटेक नव्हता.
कॅमेरामन ‘अजून एकदा’ म्हणेपर्यंत
माग तुळजापूर नाक्यापुढे गेला होता.

थोरला म्हणाला,
कापडाचं मला कळतं. सूत किती, रंग किती, मजुरी किती.
हे काय? विणायचा एकच तागा,
तोच टीव्हीला विकायचा, तोच मोबाईलला, तोच दुबईला,
आणि तागा परत आपल्याच कपाटात?
म्हटलं, दादा, त्याला हक्क म्हणतात.
तो म्हणाला, आपल्यात त्याला चारसोबीस म्हणतात बे.

अंधेरीत बिपीनशेठनी पहिली वीस मिनिटं पाहिली,
दोन फोन घेतले.
कोण आहे यात?
माझी मावशी आहे.
ते हसले, मीही हसलो, एसी चालू होता.
पब्लिसिटीचे पंधरा लाख तुम्ही आणा, मी लावतो.
तिकिटातून आधी थिएटर, मग मशीनचं भाडं,
मग माझं कमिशन, मग तुम्ही.
रांगेत माझ्यामागे कोण, ते त्यांनी विचारलं नाही.
वीस बायका होत्या.

होर्डिंगला पैसे नव्हते.
गोडाऊनमध्ये एक्स्पोर्टचा परत आलेला माल पडून होता,
दोन हजार टॉवेल, लांबीला बोटभर कमी.
काठावर शिवून घेतलं
सिनेमाचं नाव, तारीख, माझा नंबर.
न्हाव्यांना वाटले, लॉजवर वाटले,
एसटीच्या कॅन्टीनवाल्याने गल्ल्याखाली अंथरला.
अशोक चौकात एकाने ओले केस पुसत विचारलं,
पिक्चर काढूलालास म्हणं बे? का टॉवेलच?

मिळाला सकाळी सव्वानऊचा खेळ. एकच.
एक्केचाळीस माणसं,
त्यात वीसजणी हजार विड्यांचा रोज बुडवून.
सिनेमा संपला, दिवे लागले,
झाडूवाला पोरगा आत आला,
बायका उठल्याच नाहीत.
पांढरी अक्षरं वर सरकत होती.
लक्ष्मीबाईंना वाचता येतं ते तेलुगू.
यातलं माझं कुठलं? त्यांनी विचारलं,
मी बोट केलं तोवर
ते वरच्या काठाला पोचलं होतं.
गेलं की, म्हणाल्या.
पण होतं.

सोमवारी उतरवला.
भिशी फेडली, सात महिने उशिरा.
अनुदानाच्या फाईलला त्रुटी निघाली,
ती पुरवली, तर दुसरी निघाली.
बारा नंबरच्या जागी आता सायकली लावतात.

आणि काल रात्री फोन,
विजापूरहून, कुठल्याशा लॉजचा मॅनेजर,
अर्धं कन्नड अर्धं मराठी :
साहेब, तुमच्या टॉवेलवर नंबर आहे.
धुऊन धुऊन तारीख उसवली, नाव टिकलंय.
गिऱ्हाईक विचारतंय, हा पिक्चर बघायचा कुठं?

मी उठून बसलो.
कपाटातला तागा आठवला.
भिंत पांढरी आहे का हो तुमच्याकडे?
आहे की, जेवणाच्या हॉलची.
माणसं किती जमतील?

थांबा, म्हणाला,
आणि रिसीव्हर बाजूला ठेवून
खोल्यांची दारं वाजवत निघाला.